मंडळात ऐकतात, मग ऑफिसात का नाही?

या वेळचं पत्र ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या, राहायला डोंबिवलीत असलेल्या मुलाचं आहे. मुलगा म्हणजे वय बत्तीस, लग्न झालेलं, पण मला मुलगाच. पत्र खूप लांब होतं, मुद्द्याचं तेवढं देते.

"ताई, गेल्या वर्षी मला टीम लीड केलं. सहा जणांची टीम आहे पण कोणीच मला रिपोर्ट करत नाही, त्यांचं अप्रेझल दुसरेच लोक करतात. रोज सकाळी दहाला कॉल, सगळे म्हणतात चालू आहे, नव्वद टक्के झालंय. शेवटच्या आठवड्यात कळतं की काहीच जुळत नाहीये. पेमेंटचा भाग दुसरी टीम देते, ती तिच्या वेळेने देते. सॉफ्टवेअरचं रिलीज दोनदा पुढे गेलं. मी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत बसून दुसऱ्यांची कामं उरकतो. तरी रिव्ह्यूमधे साहेब म्हणाले, काम चांगलं करतोस पण तुझ्यात मॅनेजर दिसत नाही. एक ज्युनियर नुसता बोलतो छान, त्याला मोठा प्रोजेक्ट मिळाला. आता साहेब म्हणतायत अजून दोन माणसं देतो पण नवीन तारीख चुकता कामा नये. मी पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट, करू का? की सरळ नोकरी बदलू? तसं मला माणसं सांभाळता येत नाहीत असं नाही, लालबागला आमच्या चाळीच्या गणपती मंडळाचं काम कॉलेजपासून करतोय, तिथे पोरं ऐकतात."

अरे बाबा, हे शेवटचं वाक्य तू असं जाता जाता टाकलंयस आणि मी तिथेच अडकले. कारण मंडळात तरी तुला कोण रिपोर्ट करतं? कोणाचा पगार तुझ्या हातात आहे, कोणाचं अप्रेझल तू लिहितोस? उलट तिथे तर माणूस स्वतःच्या खिशातून वडापाव खाऊन रात्री दोनला बांबू धरून उभा असतो, आणि उद्या रुसला तर येणारच नाही, तुला काही करता येणार नाही. म्हणजे अधिकार नसताना लोकांकडून काम करून घ्यायचा तुझा अनुभव तुझ्या साहेबांपेक्षाही जास्त असेल, फक्त तो तू लालबागला ठेवतोस आणि लॅपटॉपची बॅग उचलून ऐरोलीला जातोस. (डोंबिवलीहून ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर पकडेपर्यंत डोक्यात दुसरं काही उरत नाही हेही मला माहितीये, ते सोड.)

आता तू तिथे नक्की काय करतोस ते जरा आठव. मूर्तिकाराकडे वर्कशॉपला गेलास की तू त्याला "किती टक्के झाली मूर्ती?" असं विचारतोस का? कोणी विचारलंच तर मूर्तिकार हसेल. तू विचारतोस, माती बसली का, घासकाम झालं का, बॉडी कलर मारला का, आखणी कधी. आणि डोळ्यांची आखणी झाली म्हणजे झाली, त्यात नव्वद टक्के असं काही नसतं, डोळे एकतर आखलेले असतात नाहीतर नसतात. शिवाय तू फोनवर विचारत नाहीस, स्वतः जाऊन बघतोस, किंवा फोटो मागवतोस. तुझ्या दहाच्या कॉलवर जे नव्वद टक्के चालतात ना ते सगळे प्रामाणिक लोक आहेत, त्यांना खरंच तसं वाटत असतं, पण प्रत्येकाचा नव्वदचा अर्थ वेगळा आहे. एकाचं म्हणजे कोड लिहून झाला पण चालवून बघितला नाही, दुसऱ्याचं म्हणजे त्याच्या मशीनवर चालतो, तिसऱ्याचं म्हणजे काय करायचं ते डोक्यात आहे. तेव्हा टक्के हा प्रकारच बंद कर. विचारायचं फक्त हो-नाहीमधे उत्तर येईल असं. कोड मर्ज झाला, म्हणजे सगळ्यांच्या कोडमधे मिसळला? टेस्ट सर्व्हरवर चढला? खोटं पेमेंट टाकून पावती निघाली? आणि आठवड्यातून एकदा, समज गुरुवारी, प्रत्येकाने स्क्रीन शेअर करून चालणारी गोष्ट दाखवायची, अर्धवट असली तरी चालेल पण चालणारी. पहिले दोन गुरुवार फार वाईट जातील, लोकांचे चेहरे पडतील, तू तेव्हा कोणाला बोलायचं नाहीस. तिसऱ्या गुरुवारपासून लोक बुधवारीच तुला सांगायला लागतात की अमुक अडलंय.

आणि कॉलमधे "काय केलंस" याच्यापेक्षा "कोणासाठी थांबलायस" हा प्रश्न जास्त वेळा विचार. मांडवाचं बघ ना, मांडववाल्याचा सांगाडा उभा राहिल्याशिवाय लाईटवाला वायर ओढू शकत नाही, आणि त्याआधी महापालिकेची परवानगी, त्यासाठी पोलीस, ट्रॅफिक यांची एनओसी. सजावटवाला दोन दिवस उशिरा आला तर रात्र जागून भागतं, पण परवानगी अडकली तर सगळंच अडतं. म्हणून तू जुलैमधे कोणाच्या मागे लागलेला असतोस? परवानगीच्या. सजावटीच्या मुलांना तू तेव्हा विचारतही नाहीस. याच गोष्टीला तुमच्याकडे क्रिटिकल पाथ म्हणतात, १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या कारखान्यांच्या कामासाठी ही पद्धत कागदावर आणली गेली, गणित मोठं आहे पण आतली गोष्ट एवढीच की कुठलं काम लांबलं तर शेवटची तारीख लांबते ते शोधायचं आणि आपला जीव तिथे लावायचा. तुझ्या पत्रावरून मला तरी दिसतंय की तुझ्या प्रोजेक्टमधे ते काम म्हणजे पेमेंट आहे, आणि त्याचा उल्लेख तू एका ओळीत उरकलायस. रात्री बारापर्यंत बसून तू जे करतोयस ते बहुतेक सजावटीचं काम आहे.

पेमेंटवरून एक अंधेरीची गोष्ट सांगते, तू पेपरात वाचली असशीलच. गोखले पुलाचा पादचारी भाग जुलै २०१८ मधे रुळांवर कोसळला, मग नोव्हेंबर २०२२ मधे पूल बंद झाला, नव्याने बांधला आणि २६ फेब्रुवारी २०२४ ला त्याची एक बाजू उघडली. उघडल्यावर लोकांनी बघितलं तर शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल, जो पूर्वी याला जोडलेला होता, तो नव्या पुलापेक्षा दीडेक मीटर खाली. रेल्वेच्या रुळांवर जास्त उंची सोडायची होती म्हणून नवा पूल वर गेला आणि जुना होता तिथेच राहिला. सोशल मीडियावर हसून झालं, मग व्हीजेटीआय आणि आयआयटीचा सल्ला घेऊन जॅक लावून बर्फीवालाचा टोकाचा भाग वर उचलला आणि जुलै २०२४ मधे दोन्ही जोडले, पूर्ण पूल खुला व्हायला मे २०२५ उजाडला. मला यात कोणाला नावं ठेवायची नाहीयेत. मला दिसतं ते असं की हा पूल स्वतःपुरता मजबूत होता, तो पूल स्वतःपुरता मजबूत होता, आणि लोकांच्या डोळ्यात आला तो मधला सांधा. तुझ्या टीमचा कोड बरोबर असेल, पेमेंटवाल्यांचाही बरोबर असेल, पण ते रक्कम पैशात पाठवतायत का रुपयात, बँकेकडून उत्तर आलं नाही तर कोणी किती सेकंद थांबायचं, व्यवहार फसला तर पुन्हा प्रयत्न कोण करणार, हे दोघांच्या मधलं आहे आणि म्हणून कोणाच्याच यादीत नाही. ते तुझ्या यादीत पाहिजे. लीडची नोकरी खरं तर तीच आहे, बाकी कोड लिहायला सहा जण आहेत.

त्यांच्या लीडकडे जा. मेल टाकू नकोस, सिस्टीममधे टिकट, म्हणजे कामाची मागणी नोंदवणं, तर अजिबात नको, एकाच इमारतीत असाल तर चहाला घेऊन जा, आणि त्याला "कधी देणार" हे विचारायच्या आधी "तुमच्यावर कोणाकोणाचं काम आहे" ते विचार. तो चार टीमना पुरवत असणार आणि चौघेही त्याला अर्जंट म्हणत असणार. मग त्याच्याकडून पूर्ण पेमेंट मागूच नकोस, आधी एक पोकळ नमुना माग, ज्यात आत काही नाही पण कुठून काय येणार आणि कुठे काय जाणार ते ठरलेलं आहे. तेवढा नमुना तो दोन दिवसांत देऊ शकेल, आणि तुझी माणसं त्याच्यावर काम सुरू करतील. सांधा आधी, पूल नंतर.

आता रात्री जागायचं. तुला हे लागेल, पण ते बंद कर. मंडळात एखादा पोरगा रांगेच्या ड्युटीला आला नाही तर तू एक दिवस त्याच्या जागी उभा राहशील, रोज नाही राहणार, कारण तू रांगेत उभा राहिलास तर आरतीचा माईक, देणगीचं टेबल, पोलिसांचा फोन हे कोण बघणार? ऑफिसात मात्र तू रोज रांगेत उभा आहेस. आणि त्याचा दुसरा परिणाम जास्त वाईट आहे, तो असा की तू रात्री सगळं सावरून ठेवतोस त्यामुळे सकाळी साहेबांना सगळं हिरवंच दिसतं, त्यांनी पुढे क्लायंटला सांगितलेलं असतं की वेळेवर आहे, आणि मग शेवटच्या आठवड्यात एकदम लाल. दोनदा असं झाल्यावर तुझ्यात मॅनेजर दिसत नाही असं कोणीही म्हणेल रे. त्या माणसाला तू कामात कमी पडतोस असं वाटत नाहीये, त्याला तुझ्याकडून वेळेवर खबर मिळत नाही.

खबर म्हणजे रडगाणं नव्हे हं. "सर खूप प्रेशर आहे, टीम सपोर्ट करत नाही" असल्या मेसेजचं साहेबाने काय करायचं? असं लिही: "सर, पेमेंटचा भाग आजच्या घडीला आठ दिवस मागे आहे, कारण त्या टीमकडे आपल्याआधी दोन कामं आहेत. आपल्यापुढे दोन रस्ते आहेत. एक, रिलीज ठरल्या तारखेला करायचं पण त्यात फक्त यूपीआय, कार्ड पंधरा दिवसांनी. दोन, सगळं एकत्र पण तारीख दोन आठवडे पुढे. मला पहिला बरा वाटतो. शुक्रवारपर्यंत तुमचा निर्णय मिळाला तर त्याप्रमाणे टीमला लावतो." आकडे तुझे घाल. यात किती उशीर, कशामुळे, काय करता येईल, तुझं मत काय आणि त्यांनी काय करायचं, सगळं आलं आणि मोबाईलवर एका स्क्रीनमधे मावलं. असा मेसेज तारखेच्या महिनाभर आधी गेला तर साहेब वैतागतील पण तुझ्यावर विश्वास वाढेल. तोच मेसेज दोन दिवस आधी गेला तर नुसतेच वैतागतील.

रस्ते दोन ठेवायचं तुला वेगळं शिकवायला नको खरं तर. २०२५ चं आठव, पीओपीच्या मूर्तीचं. जूनमधे कोर्टाने मूर्ती बनवायला वाट मोकळी केली, पण सहा फुटांवरच्या मूर्ती समुद्रात सोडायच्या की नाही हे ठरलं जुलै संपत आल्यावर, आणि गणपती तर २७ ऑगस्टला येणारच होते, ते काही कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाहीत. तेव्हा कुठल्याही मंडळाने हातावर हात धरून वाट बघितली नसणार, असं झालं तर हे, तसं झालं तर ते, असं बोलून ठेवलेलं असणार. क्लायंट रिक्वायरमेंट बदलतो म्हणून तुम्ही आयटीवाले एवढे हैराण का होता ते मला कधीच कळत नाही.

आता ती दोन जादा माणसं. नको म्हण. म्हणजे आत्ता नको म्हण. उशीर झालेल्या कामात नवी माणसं घातली की ते अजून उशिरा होतं, हे आयबीएममधे मोठं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सने १९७५ साली लिहून ठेवलंय आणि पन्नास वर्षं झाली तरी प्रत्येक साहेब तेच करतो. हिशोब साधा आहे, सहा जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या होतात १५, आठ जणांत होतात २८. दोन माणसं वाढली पण गोंधळ जवळजवळ दुप्पट, वर त्यांना शिकवायला तुझीच चांगली माणसं बसणार. आदल्या रात्री मांडवात जमलेली जादाची पोरं काय करतात तुला माहितीये, सेल्फी काढतात आणि शिडीच्या खाली उभी राहतात. साहेबांना तोडून नाही म्हणायचं नसेल तर सांग की टेस्टिंगला एक जण द्या, त्याला आतलं सगळं माहिती असायची गरज नाही, तेवढी मदत खरी होईल.

नवीन तारीख ठरवताना मात्र टीमला "किती दिवस लागतील" असं विचारून बेरीज करू नकोस. माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज कमीच सांगतो, हुशार असला तरी, प्रामाणिक असला तरी. कॅनडात झालेला एक अभ्यास १९९४ साली छापून आला होता, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी उत्तर आलं ३४ दिवस, सगळं बिघडलं तर किती, तर ४९, आणि प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे सगळं बिघडेल असं धरूनही कमीच पडले. यावर उपाय हा की मागच्या वेळी काय झालं ते बघायचं. मागची दोन रिलीजं, ठरले किती दिवस आणि लागले किती, तो हिशोब तुझ्याकडे आहे, थोडा लाजिरवाणा आहे म्हणून तू तो उघडत नाहीयेस. उघड आणि त्याच प्रमाणात नवीन तारीख सांग. साहेब म्हणतील एवढे दिवस कशाला, तेव्हा मागचे आकडे पुढे ठेव.

ज्युनियरबद्दल. "नुसता बोलतो छान" हे तू जरा आकसाने लिहिलंयस, मला समजतं, पण ते सोड कारण त्याने तुझं नुकसान होतंय. मंडळाचा जमाखर्च तुम्ही वार्षिक सभेत वाचून दाखवता ना? वर्गणी इतकी, जाहिराती इतक्या, मांडव, मूर्ती, बँजो, शिल्लक. वर अहवाल छापून घरोघर देता. तेव्हा कोणी म्हणतं का की खजिनदार स्वतःची टिमकी वाजवतोय? उलट हिशोब नाही वाचला तर कुजबुज सुरू होते. ऑफिसात तू वर्षभर काम करतोस आणि हिशोब वाचतच नाहीस. त्या पोराने वाचला, एवढंच. दर शुक्रवारी पाच-सहा ओळी साहेबांना पाठव, या आठवड्यात काय चालू झालं, काय अडलंय, पुढच्या आठवड्यात काय, आणि त्यात टीमपैकी कोणी काय सोडवलं ते नाव घेऊन लिही. हे नावाचं विसरू नकोस. ज्याचं नाव साहेबांपर्यंत तुझ्यामुळे जातं तो माणूस रिपोर्ट कोणालाही करत असला तरी तुझा फोन उचलतो. तुझ्या मंडळात अहवालात नाव छापून येण्यासाठी माणसं काय काय करतात ते आठव म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

पीएमपीचं सांगते. कर, पण आत्ता धावत जाऊन नको. पदवीधराला त्यासाठी ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, शिवाय ३५ तासांचं ट्रेनिंग, आणि फी काही थोडीथोडकी नाही. लीड होऊन तुला एकच वर्ष झालंय, आधीची कामं धरून बसतंय का ते पीएमपी देणाऱ्या पीएमआय संस्थेच्या साईटवर जाऊन नीट बघ, नियम मधे मधे बदलतात. बसत नसेल आणि सर्टिफिकेटची फारच घाई असेल तर त्यांचंच सीएपीएम नावाचं प्राथमिक सर्टिफिकेट आहे, त्याला अनुभव लागत नाही. पण परीक्षा पास झालास म्हणून पेमेंटवाला लवकर देणार नाही. बायोडेटा पहिल्या चाळणीतून पुढे सरकायला उपयोगी आहे, तेवढ्यापुरतं कर. मंडळाचं कामही बायोडेटात एका ओळीत टाक, बजेट किती सांभाळलंस आणि माणसं किती ते आकड्यात लिहून. इंटरव्ह्यू घेणारा मुंबईचा असेल तर पुढची वीस मिनिटं तुम्ही त्याच्यावरच बोलाल.

नोकरी बदलायचं या रिलीजनंतर बघ. मधे सोडलीस तर नवीन ठिकाणी सांगायला गोष्ट अर्धीच राहते, दोनदा चुकलं आणि मी निघालो अशी. हे रिलीज जेव्हा सांगितलं तेव्हा गेलं, मग ती तारीख पुढची का असेना, तर गोष्ट पूर्ण होते. आणि शुक्रवारचे मेसेज, गुरुवारचे डेमो, आधी दिलेली खबर हे सगळं दोन-तीन महिने करूनही साहेबांचं मत तसूभर हललं नाही तर मग खुशाल जा, तेव्हा मीच म्हणेन जा, कारण काही ठिकाणी ठरवूनच ठेवलेलं असतं कोणाला वर न्यायचं.

एक राहिलं. नवीन तारीख सांगायच्या आधी कॅलेंडर बघ, गणपतीच्या आसपास येत असेल तर टीममधे कोकणात जाणारे किती ते आजच विचार. रेल्वेचं रिझर्वेशन हल्ली ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ज्यांना जायचंय त्यांनी रजा कधीची ते मनात पक्कं केलेलंच असतं, फक्त तुला कोणी सांगितलेलं नसतं. आणि त्या यादीत स्वतःचं नाव पहिलं लिही, आगमनापासून विसर्जनापर्यंत तू काही ऐरोलीला सापडणार नाहीस.